पंधरा वर्षं खडू झिजवल्यावर 'एज्युकेशन पॉलिसी'त एमए करावं का?

ओढ्यापलीकडची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. डी.एड. करून लागले, नोकरीत असताना बाहेरून बीए केलं, मग बी.एड. सेवा पंधरा वर्षं. सध्याची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, पट १७. सोबतचे सर माझ्याहून सात वर्षांनी कनिष्ठ, त्यामुळे प्रभार माझ्याकडे. म्हणजे शिकवणं, खिचडीचा हिशेब, यू-डायस (शाळेची ऑनलाइन माहिती), आधार, समितीचं प्रोसिडिंग आणि संडासाच्या टाकीचं फुटलेलं झाकण, सगळं एकाच टेबलावर. त्यात आता कोर्टाच्या निकालानंतर टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) अभ्यासही आलाच, ती सेवेतल्यांनाही सक्तीची झाली ना.

धाग्याचं कारण वेगळं आहे. २०२३ च्या सप्टेंबरात समूहशाळांचं परिपत्रक आलं होतं, आठवत असेल. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करायच्या, पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दिली होती. आमच्याकडे माहिती भरायला एक एक्सेल आली. त्यात एक रकाना होता, 'नजीकच्या शाळेचे अंतर'. मी ६ किलोमीटर लिहिलं. दोन दिवसांनी फोन आला, "मॅडम, नकाशावर २.४ दिसतंय, दुरुस्त करून पाठवा." मी सांगितलं, मध्ये ओढा आहे, त्याला पूल नाही, जून ते ऑक्टोबर रस्त्याने वळसा घालूनच जावं लागतं. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, एक्सेलमध्ये ओढ्याचा रकाना नाही."

शेवटी २.४ गेलं. माझ्या सहीने.

शाळा अजून चालू आहे, पण तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. हे रकाने कोण ठरवतं? कुठे बसून? त्या खोलीत जाणाऱ्या माणसाने काय शिकलेलं असतं? शोधता शोधता 'एज्युकेशन पॉलिसी अँड लीडरशिप' अशा नावाच्या पदव्या दिसल्या. बंगळूर, मुंबई, दिल्ली, थेट लंडन. फिया बघून लॅपटॉप मिटला, दुसऱ्या दिवशी परत उघडला.

वय ३८. मुलगी आठवीत. नवरा सहकारी बँकेत, त्यांची हरकत नाही, पण "त्याने होणार काय?" हा त्यांचा प्रश्न आणि माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणी केलं असेल तर सांगाल का, नेमकं काय शिकवतात, एम.एड. करण्यापेक्षा ते वेगळं कसं, आणि नोकरी सांभाळून जमतं का?

टाचणवही

ताई, मी निवृत्त केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारा. आधी सरळ विचारतो, पदोन्नतीसाठी करताय की समाधानासाठी? पदोन्नतीसाठी असेल तर पैसे वाचवा. राज्यात केंद्रप्रमुखांची पदं ४८६०. काही ज्येष्ठतेने भरायची, काही विभागीय मर्यादित स्पर्धा परीक्षेने. ज्येष्ठता यादीत तुमची नेमणुकीची तारीख बघतात आणि परीक्षेत गुण. पॉलिसीतल्या एमएला दोन्ही दारांवर कुणी ओळखत नाही.

आमच्या वेळी मुख्याध्यापक व्हायचं म्हणून सगळे मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका करायचे. मीही केली. स्वाध्याय बायकोच्या अक्षरात आहेत. पुस्तकं अजून माळ्यावर, कोरी करकरीत.

बाकी ओढ्याचं वाचून वाईट वाटलं. असे फोन मीही केलेत. वरून 'आज चारपर्यंत' आलं की माणूस ओढा बघत नाही.

शंकासुर

'लीडरशिप' हा शब्द दिसला की मी पाकीट घट्ट धरतो. कंपन्यांमध्ये शिळा झाला की माल आमच्या शाळांत येतो. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला पट १५० च्या वर गेला तरच मुख्याध्यापकाचं पद. खाली सगळे प्रभारी. पद नाही, अधिकार नाही, शिपाई नाही, आणि नेतृत्व करा म्हणे. कुणाचं? खिचडीच्या पातेल्याचं?

बाई, तुम्हाला ओढ्यावर साकव हवाय. एमए नको.

पिंपळपार

शंकासुर, पातेल्याचं नेतृत्वही सोपं नसतं, कधी शंभर पोरांना वाढून बघा. :)

ओढ्यापलीकडची ताई, मी दोन वर्षं मुंबईत महापालिकेच्या शाळेत फेलो म्हणून शिकवलं, मग एमए (एज्युकेशन) केलं, धोरणाचे पेपर घेऊन. आता पुण्यात एका संस्थेत आहे, जिल्हा कार्यालयांबरोबर काम असतं. म्हणजे तुम्हाला फोन करणाऱ्या माणसाच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसते असं समजा. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यावरून भांडणं होतात.

पहिलं सत्र मी नुसती चिडलेली होते. वाटलं होतं बजेट, कायदा, योजना शिकवतील. आणि हे विचारतायत, शिक्षण कशासाठी? शाळा नसती तर काय बिघडलं असतं? मुंबईत चाळीस पोरं अंगावर घेऊन आलेल्या माणसाला हे ऐशारामी वाटतं. वाचायला आठवड्याला दीडदोनशे पानं, सगळी इंग्रजी. मी इंग्रजी माध्यमातली, तरी दमले. वर्गात बिहारचे एक गुरुजी होते, ते प्रत्येक लेख आधी हिंदीत स्वतःशी सांगायचे, मग लिहायचे. शेवटी सगळ्यात चांगला प्रबंध त्यांचाच झाला. पण पहिले सहा महिने त्यांनी काय सोसलं ते मी बघितलंय. तुम्ही मराठीतून शिकलेल्या आहात म्हणून आधीच सांगतेय.

दुसऱ्या वर्षी मजा आली. एका सरांनी काम दिलं होतं, कुठलाही एक शासकीय आदेश घ्या आणि त्याच्या मागे मागे चालत जा. कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमातून तो आला, मसुद्यात काय होतं, अंतिम प्रतीत कुठला शब्द बदलला, पैसे कुठल्या लेखाशीर्षातून, आणि शाळेत पोचेपर्यंत त्याचं काय झालं. तीन महिने एका अडीच पानी कागदावर. आम्हाला वाटलं वेळ फुकट. पण तेव्हापासून मी जीआर वेगळा वाचते.

आपल्याकडचंच उदाहरण देते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने आरटीईच्या नियमांत दुरुस्ती केली. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्क्यांच्या प्रवेशातून सूट. वाचायला किती साधं. पण शहरात अशी शाळा जवळ नसलेली खासगी शाळा शोधावी लागेल, म्हणजे त्या एका वाक्याने बहुतेक जागाच गेल्या. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, जुलैत दुरुस्ती रद्द केली, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. का? संसदेच्या कायद्याने दिलेला हक्क राज्याच्या नियमाने काढून घेता येत नाही. कायदा, नियम, शासन निर्णय, परिपत्रक. यातला कोण मोठा, कोण धाकटा, हे मला फेलो असताना माहीतच नव्हतं. सगळंच 'वरून आलेलं' वाटायचं.

आता तुमचा ओढा. केंद्राच्या २०१० च्या आरटीई नियमांमध्ये सहावा नियम काढून वाचा. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीनच्या आत, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच नियमात खाली आणखी एक गोष्ट आहे. जिथे भूभाग अवघड आहे, दरडी, पूर, रस्ता नसणं, लहान मुलांना येण्याजाण्यात धोका, तिथे सरकारने तो धोका टळेल अशा रीतीने शाळा ठेवायची, अंतराची मर्यादा कमी करून. एक्सेलमध्ये ओढ्याचा रकाना नसेल, पण ओढ्याचा नियम आहे.

ओढ्यापलीकडची

पिंपळपार, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. पंधरा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही. चूक माझीच, मीही विचारलं नाही. प्रशिक्षणं पुष्कळ झाली, पण त्यात कायदा म्हणजे 'शारीरिक शिक्षा करू नये' एवढ्यावर संपतो.

त्या नियमाची प्रिंट काढून आणली आज. दहा रुपये.

वाचनमात्र_१

+१. वाचनखूण साठवली आहे.

दुसरी घंटा

एम.एड. आणि एमए यांतला फरक विचारलाय तर थोडं लिहितो. अध्यापक महाविद्यालयात शिकवतो.

एम.एड. ही शिक्षकांना शिकवणाऱ्यांची व्यावसायिक पदवी. त्याआधी बी.एड. किंवा तत्सम पदवी लागते, आणि एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमावलीनंतर एम.एड. दोन वर्षांचं झालं. तुम्हाला पुढे बी.एड. कॉलेजात शिकवायचं असेल तर बहुतेक पदांना तेच लागतं. एमए (एज्युकेशन) हे समाजशास्त्रातल्या एमएसारखं, कुठल्याही शाखेचा पदवीधर बहुतेक ठिकाणी करू शकतो. इंजिनियर येतात, वकील येतात, आणि त्यातच त्याची गंमत आहे. नेट-सेटला विषय एकच, 'शिक्षणशास्त्र', दोघांनाही चालतो.

'पॉलिसी अँड लीडरशिप' अशी पाटी असलेली पदवी आपल्याकडे थोड्याच ठिकाणी मिळेल. बहुतेक ठिकाणी एमए एज्युकेशन आणि त्यात धोरणाचे, नियोजनाचे पेपर निवडायचे. अझीम प्रेमजी विद्यापीठाचं बंगळूरचं एमए दोन वर्षं पूर्णवेळ, निवासी, आणि फीची शिष्यवृत्ती घरच्या उत्पन्नावर ठरते, त्यामुळे फीचा आकडा बघून लॅपटॉप मिटू नका. आता भोपाळलाही त्यांचं आवार झालंय. मुंबईच्या टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्थेत) २००६ साली प्राथमिक शिक्षणातलं एमए सुरू झालं ते तुमच्यासारख्यांसाठीच होतं, थोडे आठवडे मुंबईत आणि बाकी आपापल्या गावी. एकलव्य, दिगंतर, विद्या भवन, होमी भाभा केंद्र या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थांचा ते उभारण्यात हात होता. त्याचं स्वरूप पुढे बदलत गेलं, तेव्हा यंदाचं माहितीपत्रक बघूनच काय ते ठरवा. इग्नूचं एमए एज्युकेशन दूरस्थ आहे, त्यात शैक्षणिक व्यवस्थापन हा विशेष विषय घेता येतो. स्वस्त आणि सोयीचं. पण एकटीने वाचायची चिकाटी पाहिजे, टाचणवही काकांच्या माळ्यासारखं व्हायला नको.

दिल्लीच्या नीपाचं नावही ऐकलं असेल. १९६२ साली युनेस्कोच्या मदतीने आशियातल्या शिक्षण नियोजकांसाठी ते केंद्र सुरू झालं, नावं बदलत बदलत आज अभिमत विद्यापीठ आहे. शालेय नेतृत्वाचं राष्ट्रीय केंद्र तिथेच, २०१२ पासून. नियोजन आणि प्रशासनाची त्यांची पदविका मुख्यतः अधिकाऱ्यांसाठी, राज्याने पाठवायचं असतं. राज्य कुणाला पाठवतं हा वेगळा धागा.

शंकासुर

माहिती छान. पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून सांगितलं, आणि शेतकऱ्याने भरलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो हेही तोंडावर सुनावलं. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं शिक्षण करून बघितलं, १९०६ मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात लागू केलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात. यांच्यातलं कोण 'पॉलिसी स्कूल'ला गेलं होतं?

पिंपळपार

शंकासुर, तुम्हीच माझी बाजू मांडलीत.

सयाजीरावांनी आधी एका तालुक्यात करून बघितलं, तेरा वर्षं थांबले, मग राज्यभर केलं. आजच्या भाषेत पथदर्शी प्रकल्प. आपल्याकडे हल्ली पथदर्शी प्रकल्पाचा निकाल यायच्या आधी राज्यभराचा जीआर येतो. १९११ मध्ये गोखल्यांनी केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा बडोद्याचा दाखला हाताशी होता. तरी ते १९१२ मध्ये फेटाळलं गेलं, खर्चाच्या आणि सक्तीच्या कारणावरून. फुल्यांचं निवेदन तर पैशाचा माग आहे. कर कुणाकडून येतो आणि खर्च कुणावर होतो. आमच्या वर्गात हेच करायला लावायचे, फक्त शंभर पानं आधी इतरांचं वाचून.

आणि राजे नव्हते अशांचं काय? आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीत जन्मलेले जे. पी. नाईक घ्या. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा हे आयोगाचं म्हणणं १९६६ चं, आणि २०२० च्या धोरणात तेच सहा टक्के पुन्हा छापलंय. त्या नाईकांनी १९४८ मध्ये मुंबईत भारतीय शिक्षण संस्था काढली, पुढे ती पुण्यात आली, कोथरूडला. शिक्षणाचा असा अभ्यास करायला वेगळी जागा लागते हे त्यांना स्वातंत्र्यानंतर वर्षभरात कळलं होतं. म्हणजे हे खूळ परदेशी नाही.

शंकासुर

बरं. नाईकांचा मुद्दा मान्य. 'लीडरशिप' शब्द अजून मान्य नाही.

लातूर टू लंडन

उशिरा आलो. मी लातूरच्या एका खासगी अनुदानित शाळेत सहा वर्षं गणित शिकवलं, मग लंडनमध्ये शैक्षणिक नेतृत्वाचं एमए केलं, एक वर्षाचं. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून. नाहीतर वडिलांनी जमीन विकली असती आणि मी जन्मभर तोंड लपवलं असतं.

शंकासुर, तुमची चिडचिड मला पहिल्याच महिन्यात झाली. तिथल्या अभ्यासक्रमात 'हेडटीचर' म्हणजे ज्याच्या हातात शाळेचं अंदाजपत्रक आहे, जो शिक्षकांची मुलाखत घेऊन नेमणूक करतो, नको त्याला घरी पाठवू शकतो. सगळे सिद्धान्त त्या माणसाला धरून रचलेले. मी हात वर करून सांगितलं, आमच्याकडे मुख्याध्यापकाला शिक्षक कोण येणार ते बदलीच्या पोर्टलवरून कळतं. वर्ग हसला. बाईंनी विचारलं, मग तो दिवसभर करतो काय? मी म्हटलं, माहिती पाठवतो.

पण तिथलं एक प्रकरण मनात राहिलंय. ऑफस्टेड ही त्यांची तपासणी यंत्रणा. शाळेला एका शब्दात शेरा द्यायची, उत्कृष्ट, चांगली, सुधारणा हवी, अपुरी. त्या एका शब्दावर घरांच्या किमती हलायच्या. एका मुख्याध्यापिकेच्या मृत्यूनंतर देशभर वादंग झालं आणि सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांसाठी तो एका शब्दाचा शेरा बंद झाला. आमच्याकडे मूल्यांकनाच्या श्रेणी, तारांकित शाळा, 'प्रगत' शाळा असलं काही निघालं की मला ते आठवतं. परदेशी शिकण्याचा उपयोग असा की आपण ज्या गाडीत बसायच्या तयारीत आहोत त्यातून लोक उतरताना दिसतात.

पैशांचं आणि अटींचं: ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला पदवीनंतर किमान २८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे साधारण दोन वर्षं, आणि नंतर दोन वर्षं भारतात परत राहावं लागतं. ओढ्यापलीकडची मॅडमना दोन्ही सहज जमेल. अमेरिकेसाठीच्या फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीत मास्टर्सला तीन वर्षांचा अनुभव मागतात. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, सारथी या मराठा-कुणबी समाजासाठीच्या संस्थेचीही वेगळी आहे, पण वयाची आणि क्रमवारीची अट दरवर्षी नीट वाचा. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून देतंय, पण ते कर्ज आहे, परत करायचं असतं.

अमेरिकेबद्दल मला लिहिता येणार नाही. एवढंच, तिकडचे खर्च ऐकून मी लंडन स्वस्त म्हणायला लागलो होतो.

परत आल्यावर काय, हे कुणीच विचारलं नाही म्हणून सांगतो. मूळ संस्थेने त्याच वर्गावर, त्याच पगारावर रुजू करून घेतलं. सहा महिने टिकलो. आता एका मोठ्या शाळासमूहात आहे, पगार बरा आहे, आणि ज्या पोरांसाठी शिकायला गेलो ती पोरं माझ्या शाळेत नाहीत. हे कुणाला शहाणपण वाटेल, कुणाला पळपुटेपणा. मला दिवसागणिक दोन्ही वाटतं.

टाचणवही

लातूरकर, शेवटचा परिच्छेद प्रामाणिक आहे. आवडला.

ताई, पूर्णवेळ जाल तर शाळेचं काय होईल तेही बघा. द्विशिक्षकी शाळेतून एक माणूस गेलं की बदली शिक्षक येईलच असं नाही. सतरा पोरं, चार वर्ग, एक सर. मी तुम्हाला अडवत नाही. पण मला हे पहिल्यांदा सुचलं म्हणून लिहिलं.

ओढ्यापलीकडची

काका, मलाही तेच पहिल्यांदा सुचलं होतं. रात्री सुचलं, सकाळी सरांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही जा, मी बघतो." मग थोडं थांबून, "पण यू-डायस भरून जा."

लातूर टू लंडन, "माहिती पाठवतो" वाचून स्टाफरूममध्ये (म्हणजे दुसरीच्या वर्गात) मोठ्याने हसले. पोरं बघायला लागली.

लंडन माझ्याच्याने होणार नाही. मुलगी दहावीला येईल. बंगळूरचं दोन वर्षांचंही नाहीच, आत्ता तरी. पण इथे लिहायला लागल्यापासून एक कळलं, मला खुर्ची नकोय. मला तो फोन आला तेव्हा "सहावा नियम बघा" एवढं म्हणता यायला हवं होतं. बावीस सालापर्यंत आमच्या गावात पाचवी होती. ती गेली तेव्हाही मी फक्त हजेरीपट बांधून दिला.

आवक_जावक

मॅडम, मी एका जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक आहे. शिक्षण विभागाचं टेबल सांभाळलंय. वरच्या विद्वान मंडळींनी एक गोष्ट सांगितली नाही म्हणून लिहितो.

काहीही करा, दूरस्थ असो की पूर्णवेळ, प्रवेश घ्यायच्या आधी शैक्षणिक अर्हता वाढवण्याची पूर्वपरवानगी घ्या. अर्ज केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून वर. परवानगी नसताना पदवी केलीत तर सेवापुस्तकात नोंद घ्यायला कुणीही अडवू शकतं. एमए झालेले, सुवर्णपदक मिळालेले, आणि नोंदीसाठी चार वर्षं फिरणारे गुरुजी मी बघितलेत.

पूर्णवेळ जायचं तर महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. हक्क म्हणून मिळत नाही, मंजूर करणाऱ्याला तो अभ्यास सेवेच्या उपयोगाचा वाटला पाहिजे. बंधपत्र लिहून द्यावं लागतं, परत येऊन ठरावीक काळ नोकरी केली नाही तर पैसे भरायचे. प्राथमिक शिक्षकांचे असे अर्ज माझ्या टेबलावर सात वर्षांत दोन आले. एक मंजूर झाला. दुसऱ्यावर शेरा होता, 'शाळेत शिक्षक संख्या अपुरी'.

अर्जात 'धोरण' शब्द कमी आणि 'शाळा व्यवस्थापन', 'गुणवत्ता' जास्त लिहा. धोरण म्हटलं की साहेबांना वाटतं, ही बाई आता कोर्टात जाणार.

शंकासुर

आवक_जावक यांचा प्रतिसाद धाग्यातला सर्वोत्तम. हाच खरा पॉलिसीचा पेपर.

दुसरी घंटा

खरंय. माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे, नाव न घेता.

पिंपळपार

ताई, दूरस्थ करणार असाल तर एक सुचवते. प्रबंधाचा विषय आत्ताच ठरवा: तुमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांची एक्सेलमधली अंतरं आणि मुलं खरोखर चालतात ती अंतरं. दुर्बीण नको, टेप नको, पोरांबरोबर चालायचं आणि घड्याळ बघायचं. पावसाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा. वीसेक शाळा झाल्या तरी असा कागद तालुक्यात कुणाकडे नसेल. मी माझ्या खुर्चीवरून सांगते, आमच्याकडे तर नाहीच.

ओढ्यापलीकडची

सगळ्यांचे आभार. महिन्याभराने येतेय, मध्ये पायाभूत चाचणी आणि नेहमीचं.

दूरस्थ एमएला बसायचं ठरवलंय, शैक्षणिक व्यवस्थापन घेऊन. आधी टीईटी. यजमानांचा "त्याने होणार काय" अजून शिल्लक आहे, पण काल त्यांनी स्वतःहून माझ्यासाठी वायफायचा मोठा प्लॅन घेतला, तेव्हा उत्तर मिळालं असावं किंवा प्रश्नाचा कंटाळा आला असावा.

पिंपळपार, चालून बघितलं. परवा शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, चौथीतल्या तीन पोरींबरोबर आणि एकीच्या आजीबरोबर. ओढ्याला गुडघ्याच्या वर पाणी होतं म्हणून रस्त्याने. पलीकडच्या शाळेच्या फाटकापर्यंत एक तास चाळीस मिनिटं. मोबाइलने ६.३ दाखवलं, म्हणजे माझे सहाही कमीच होते. पोरींनी वाटेत करवंदाच्या जाळ्या मोजल्या, एकीने विचारलं, "बाई, पहिलीतल्या बाळूला कडेवर कोण घेणार?" ते मी वहीत तसंच लिहून ठेवलंय.

आज पूर्वपरवानगीचा अर्ज दिला. त्याच्यासोबत वेगळं पत्रही दिलं, अंतराची दुरुस्ती करावी म्हणून, सहाव्या नियमाची प्रिंट जोडून. साहेब मीटिंगला होते. टेबलावर ठेवून आले.

आवक_जावक

मॅडम, टेबलावर?? दोन्ही अर्ज दोन प्रतींत दिलेत ना? आवक क्रमांक पडला? पोच घेतलीत?

ओढ्यापलीकडची

नाही घेतली. :(

आवक_जावक

उद्या अकराच्या आत जा. आवक लिपिक चहाला जायच्या आधी. अंतराचं पत्र पहिलं नोंदवा, एमएचं नंतर.